आधी उतरवा, मग शोधा

दसऱ्याला हार घातलेल्या पिकअप दिवाळीपर्यंत आपल्यापैकी कुणाच्या तरी दारात उभ्या राहतात. पुढे एलईडी बल्ब हवे असतात, बंपरवर लाइट बार हवा असतो, आणि मालकाच्या मेव्हण्याने मोबाइलवर दाखवलेला तो ‘चिप’ नावाचा डबा हवा असतो. मार्गशीर्ष लागेस्तोवर त्याच गाड्या परत येतात. डिपर मारला की लाइट फडफडतो, घाटात चेक लाइट लागतो, लोडवर गाडी दम सोडते. स्कॅनर लागतो, कोड उडवला जातो, गाडी जाते आणि चार दिवसांनी पुन्हा दारात. नौपाड्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या गॅरेजांत हे दुखणं आता इतकं नेहमीचं झालं आहे की या अंकाचं संपादकीय त्यावर खर्च करायला हरकत नाही.

आमचं म्हणणं असं आहे की यातलं बरंचसं सामान कधी तपासलाच न गेलेल्या दोषावर औषध म्हणून विकलं जातं. गिऱ्हाईक म्हणतं उजेड कमी पडतो, आपण बल्ब देतो. गिऱ्हाईक म्हणतं गाडी ओढत नाही, कुणीतरी डबा देतो. मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावर नवा चढतो. मग जो मिस्त्री दुसऱ्यांदा बॉनेट उघडतो, त्याला एकाच वेळी दोन चोर पकडायचे असतात.

उजेडापासून सुरुवात करू. आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपना एच-४ हॅलोजन असतो, ६०/५५ वॉटचा. हा बल्ब वाईट नाही. त्याला पोचणारं व्होल्टेज वाईट असतं. बॅटरीपासून स्विच, स्विचपासून होल्डर, होल्डरपासून बॉडी अर्थ, या वाटेवर प्रत्येक गंजक्या टर्मिनलवर थोडं थोडं सांडतं. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. दीड व्होल्ट वाटेत गेला तर गिऱ्हाईकाची तक्रार खरीच असते. इंजिन चालू ठेवा, लाइट लावा, मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी बल्बच्या पॉझिटिव्ह पिनला. मग तेच निगेटिव्ह बाजूला. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष वायरिंगमध्ये आहे. पाच मिनिटांचं काम. पावसाळा संपल्यावर हेडलाइटमागचा अर्थ नट उघडून पाहा; हिरवी बुरशी आणि रंगाचा थर निघाला नाही तर आम्हाला कळवा.

हे न करता १००/९० चा बल्ब टाकला की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दोन बल्ब अपरवर सोळा-सतरा अँपिअर ओढतात, मूळ वायर आणि स्विच दहाच्या हिशेबाने बसवलेले असतात. होल्डर पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वितळतो. यावर रिलेची हार्नेस हा खरा उपाय आहे, आणि मूळ ६०/५५ च्या बल्बवरही ती लावली तर गिऱ्हाईक ‘नवा बल्ब टाकला का?’ असं विचारतं. फक्त एक सांभाळा. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत हेडलाइटला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच निगेटिव्ह बाजूने तोडतो. बाजारातली तयार हार्नेस तिथे लावली की अपर-डिपर दोन्ही एकदम पेटतात किंवा अपरचा निळा दिवा मंद जळत राहतो. मग तासभर रिले बदलत बसायचं. आधी टेस्ट लॅम्पने बघा.

एलईडीची गोष्ट वेगळी. त्याला करंट कमी लागतो, म्हणून वायरिंगचा दोष तो झाकून टाकतो. तेच त्याच्या लोकप्रियतेचं अर्धं कारण. पण एच-४ चा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला आहे. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर उजेड पडू देत नाही, म्हणून डिपरला वरून कापल्यासारखी रेघ मिळते. एलईडीची चिप त्या जागेपासून एखाद-दोन मिलिमीटर जरी सरकली, किंवा बल्ब फिरून बसला आणि चिपा डावी-उजवीकडे न राहता वर-खाली झाल्या, तर रेघ पुसली जाते. मालकाला समोर पांढरंशुभ्र दिसतं, तो खूश. उजेड मात्र रस्त्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यांत जास्त गेलेला असतो. संध्याकाळी गोखले रोडवर दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

फडफडण्याचं कारणही बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतं. नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट हेडलाइटला सलग पुरवठा न देता तुकड्या-तुकड्याने देतं आणि बल्ब गेला का हे करंटवरून ओळखतं. कमी करंटचा एलईडी त्याला गेलेला बल्ब वाटतो. मग डिकोडर येतो, डिकोडरमधला रेझिस्टर तापतो, आणि तो प्लॅस्टिकला टेकवून टाय मारलेला असतो. एका सामानासाठी दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं.

आता ज्या मुद्द्याकडे आपल्या धंद्यात कुणी फारसं बघत नाही, तो. पिकअप रिकामी असताना लाइट सेट होतो आणि गाडी चालते भरलेली. जुन्नर-ओतूरकडून भाजी भरून माळशेज उतरत कल्याणच्या मार्केटला येणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. चाकांमधलं अंतर सुमारे तीन मीटर. मागचे पाटे सहा सेंटिमीटर बसले की नाक दोन टक्के वर होतं. डिपर साधारण एक टक्का खाली ठेवलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. हिशेब करा: आता तो एक टक्का वर आहे. दिवा जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर धरला तर तीस मीटरवर उजेडाची रेघ एक मीटर वीस सेंटिमीटरला पोचते. समोरच्या मोटारवाल्याचे डोळे साधारण तिथेच असतात. हॅलोजनला हे कसंबसं खपून जायचं, एलईडीला खपत नाही. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर लेव्हलिंगचं चक्र आहे, तिथे किती चालकांना ते कशासाठी आहे हे माहीत असतं? गाडी सोपवताना एकदा हात लावून दाखवा. जिथे चक्र नाही तिथे लोड धरूनच सेटिंग करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला दिपवेल असा झोत नको. गॅरेजसमोर आठ मीटरची जागा आणि भिंतीवर खडूची एक रेघ, एवढं बहुतेकांना जमेल.

डब्याकडे वळू. कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरच्या कप्लरमध्ये तो मधोमध बसतो आणि ईसीएमला प्रेशर कमी करून सांगतो. ईसीएमला वाटतं रेलमध्ये बाराशे बार आहेत. प्रत्यक्षात साडेतेराशे असतील. तेवढ्याच वेळात नोझलमधून डिझेल जास्त जातं. ताकद वाढते, यात खोटं काही नाही. पण त्या जास्तीच्या डिझेलपुरती हवा मिळाली नाही तर काळा धूर येतो, सायलेन्सरचं तापमान चढतं, आणि त्याची किंमत टर्बो, पिस्टन आणि क्लच फेडतात. शौकाच्या पिकअपमध्ये, म्हणजे घोडबंदरच्या संकुलांतून येणाऱ्या व्ही-क्रॉस किंवा हायलक्समध्ये, ती किंमत मालक शौकाने फेडतो. २,५२३ सीसीच्या इंजिनावर रोज दीड टन ओढणाऱ्या बोलेरोवाल्याचा मात्र हप्ता थकतो.

निदान करणाऱ्यासाठी यातला सापळा असा. डबा लावलेला असताना स्कॅनरवर दिसणारं रेल प्रेशर हे डब्याने सांगितलेलं प्रेशर असतं. मागणी आणि प्रत्यक्ष आकडे जुळलेले दिसतात, आपण म्हणतो पंप ठीक आहे, आणि संशय भलत्याच पार्टवर जातो. पी-००८७ आला, म्हणजे प्रेशर कमी, तर नवा पंप सुचवण्याआधी डबा काढून मूळ कप्लर जोडा आणि पुन्हा बघा. पी-००८८ किंवा पी-०१९१ आला तरी तेच. सेन्सर अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये बोलतो. समजा त्याचा पल्ला अठराशे बारचा असेल, तर डब्याच्या ओल्या पिनवर ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे पंचेचाळीस बारचा फरक. पावसाळ्यानंतर त्या स्वस्त कप्लरमध्ये काय साठलेलं असतं ते उघडून पाहिलं की वेगळं सांगायला नको. रिमॅप केलेली गाडी याहून अवघड, कारण बॉनेटखाली काहीच दिसत नाही. ईसीएममधला कॅलिब्रेशन नंबर वाचून कंपनीच्या नंबराशी ताडून बघा. आणि मालकाला विचारा, पण त्याच्या मेव्हण्यासमोर नको.

‘ओढत नाही’ या तक्रारीमागे आम्हाला वर्षानुवर्षं तेच ते सापडतं: तुंबलेला डिझेल फिल्टर, त्यात साठलेलं पाणी, इंटरकूलरचा उकललेला पाइप, टर्बोच्या ॲक्च्युएटरची फाटलेली व्हॅक्युमची नळी, अडकलेला ईजीआर, धरून बसलेला ब्रेक. आणि ओव्हरलोड, ज्याचं नाव कुणी घेत नाही. पाइप फाटलेल्या गाडीला डबा लावणं म्हणजे नुसता धूर विकत घेणं.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक भर आहे, डीपीएफची. काजळी जाळायला त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापमान आणि मोकळा रस्ता लागतो. घोडबंदरवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास काढणाऱ्या गाडीला दोन्ही मिळत नाहीत. त्यात डबा काजळी वाढवतो. मग कुणीतरी सुचवतो, डीपीएफ काढून टाकू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये अंदाज दिला की तिथल्या साडेपाच लाख डिझेल पिकअपची अशी यंत्रणा दहाएक वर्षांत काढून टाकली गेली होती. आपण त्या वाटेवर आत्ता पहिलं पाऊल टाकतो आहोत, आणि हा धूर खाणारी फुप्फुसं आधी गॅरेजमधल्या पोरांची आहेत.

दिवे आणि डबा ही दोन वेगळी दुखणी आहेत असं वाटतं, पण ती बॅटरीच्या निगेटिव्हला भेटतात. १८० वॉटचा लाइट बार पंधरा अँपिअर ओढतो. त्याची अर्थ वायर बसवणारा हाताशी आलेल्या पहिल्या बोल्टखाली दाबतो. तो बोल्ट ईसीएमच्या अर्थचा निघाला, तर एकावर एक तीन रिंगा, मध्ये रंग, आणि सांधा ढिला. व्होल्टेज पडल्याचा पी-०५६२ किंवा संपर्क तुटल्याचे यू-कोड येतात, तेही फक्त रात्री. आपण ट्रायल मारतो सकाळी अकरा वाजता, सगळे दिवे बंद ठेवून. फॉल्ट रात्रीचा असेल तर ट्रायलही सगळं पेटवून घ्या: अपर, बार, ब्लोअर, वायपर. त्यानंतर सगळं जोडकाम उतरवा, गाडी कंपनीच्या अवस्थेत आणा, कोड उडवा आणि मग पुन्हा वाचा. एकेक वस्तू परत लावत जा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण याला जवळची वाट आम्हाला सापडलेली नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा केरळातल्या प्रकरणावरचा निकाल, दोन्हींचा सूर एकच: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल नको. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. पुढच्या बाजूला सर्चलाइट लावायला १११ व्या नियमाखाली नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. गिऱ्हाईकाला हे गाडीला हात लावण्याआधी सांगणं आपलं काम आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी ते सांगून उपयोग नाही.

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एलईडीच्या जोडीवर नफा सुटतो, व्होल्टेज ड्रॉप मोजण्यावर काही सुटत नाही, कारण तपासणीचे पैसे मागायला आपल्याला संकोच वाटतो. नौपाड्यातला डॉक्टर औषध न देताही तपासणीची फी घेतो आणि पेशंट निमूट देतो. आपण ‘बघितलं नुसतं, त्याचे काय घ्यायचे’ म्हणतो आणि मग तो वेळ बल्बमधून वसूल करतो. तपासणीचा दर भिंतीवर लावा. अर्थ साफ करून, रिले टाकून, लेव्हल लावून दिलेल्या गाडीचं बिल बल्बच्या जोडीइतकं झालं तरी गिऱ्हाईक नाराज होत नाही, त्याला फक्त आकडे दाखवावे लागतात: आधी १०.९ व्होल्ट, नंतर १३.२.

या अंकाच्या शेवटच्या पानावर जॉब कार्डचा नमुना छापला आहे. त्यात ‘बाहेरून जोडलेलं सामान’ हा रकाना गिऱ्हाईकाच्या सहीच्या वर ठेवला आहे, आणि लाइट सेट करताना गाडी रिकामी होती की भरलेली, हे लिहायला जागा आहे. वापरून बघा. रकाने कमी-जास्त करावेसे वाटले तर कळवा, डिसेंबरच्या अंकात सुधारून छापू.