दोष एकट्या तारामाशाचा नाही



‘प्रवाळ वाचवायचे तर तारामासे वेचून मारा’ हे कल्याणच्या वाचकांचे पत्र वाचले. कळकळ पटली, उपाय मात्र अर्धाच आहे.

काटेरी तारामासा पोट बाहेर काढून प्रवाळ पचवतो, वर्षाला १० चौरस मीटरपर्यंत, हे खरे. पण संख्या कमी असताना तो भराभर वाढणाऱ्या फांदीदार प्रवाळांवर आधी ताव मारतो, त्यामुळे सावकाश वाढणाऱ्यांना जागा मिळते. बिघडते ते उद्रेकात. एक मादी हंगामात कोट्यवधी अंडी घालते. किनाऱ्यावरून खते आणि सांडपाणी आले की सूक्ष्म शेवाळ फोफावते आणि त्यावर जगणाऱ्या पिल्लांचे फावते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९६२पासून असे उद्रेक पुन्हा पुन्हा झाले. तिथे पाणबुडे एकेका तारामाशाला इंजेक्शन देऊन मारतात. त्याने निवडक खडक वाचतात, मूळ कारण तसेच राहते. प्रवाळ संपले की तारामासे उपासमारीने घटतात. खडक सावरायला मात्र दहा-पंधरा वर्षे सहज जातात.

आपल्या मालवणात (सागरी अभयारण्य, १९८७) तर आरोपीच वेगळे: तापलेले पाणी, बोटींचे नांगर आणि आपण. दिवाळीच्या सुटीत ठाणे-डोंबिवलीहून स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यांनी प्रवाळावर पाय ठेवू नये. मोठे शंखही विकत घेऊ नयेत. तारामाशाला खाणारी ट्रायटन गोगलगाय अशाच शंखात राहते.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)