२४ बिट आणि ७०० ग्रॅम

हौशी लोकांच्या सर्किटांत एक प्रकार हटकून दिसतो. एडीसी २४ बिटचा, आणि त्याच्याआधी अँप्लिफायर कुठला? तर ड्रॉवरमध्ये सापडला तो एलएम३५८! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण मला हे बघवत नाही.

समजा, ५० किलोचा वजनकाटा बनवायचाय. नेहमीच्या लोड सेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण ५० किलोला त्यातून मिळतात जेमतेम १० मिलिव्होल्ट. ते वाढवून २४ बिटच्या एडीसीला दिले की ५० किलोचे १ कोटी ६७ लाख तुकडे पडतात. एकेक पायरी ३ मिलिग्रॅमची. सोनारानेही हात टेकावेत!

आता एलएम३५८कडे या. त्याचा ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो, अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट. सकाळी २० अंश, दुपारी ४०, म्हणजे १४० मायक्रोव्होल्ट. वजनात सांगायचं तर तब्बल ७०० ग्रॅम. हा काटा झाला सहा बिटांचा, उरलेले अठरा बिट ऊन मोजतायत.

"झिरो बटण दाबलं की झालं," असं तुम्ही म्हणाल. चूक स्थिर असती तर मान्य, ती मी दोन ओळींच्या कोडमध्ये वजा करून देतो. पण ही सरकती आहे, आणि सरासरी काढूनही जात नाही. दुकानातल्या काट्याला वैधमापनचा शिक्का लागतो म्हणून ठीक. पण असा घरगुती काटा कुणी शेतावर माल आधी तोलून बघायला वापरला, आणि बाजारात वजन कमी भरलं, तर? डिस्प्लेवर झोकात तीन दशांश असतात हो, माणूस त्यांनाच खरं मानणार आणि व्यापाऱ्याला चोर म्हणणार.

त्यापेक्षा झिरो-ड्रिफ्ट जातीचा अँप्लिफायर घ्या. अंशाला ०.०५ मायक्रोव्होल्टवाला मिळतो. त्याच उन्हात चूक ५ ग्रॅमवर येते, म्हणजे तेरा बिट झाले. (लोड सेलही तापतो, पण ते प्रकरण वेगळं.) मग एडीसी १६ बिटचा पुरे.

एचएक्स७११ला मात्र नावं ठेवू नका. त्यात १२८ पट वाढवणारा अँप्लिफायर आणि २४ बिटचा एडीसी एकाच चिपवर, एकमेकांना शोभतील असे बसवलेत. तरी त्याचेही खालचे काही बिट नॉईजमध्ये वाहून जातात. दोन-तीन बिट जादा असायला माझी हरकत नाही, सरासरी काढताना ते कामी येतात. पण अठरा?