भोंगा कुणासाठी?

रात्री अडीचला गाडीचा भोंगा केकाटू लागला. खिडक्या उघडल्या, पण चोर पाहायला नव्हे, मालकाला शिव्या द्यायला. मालक मीच! गॅलरीतून रिमोट दाबून अंगठा दुखला. शेवटी खाली धावलो, अगदी काचेशी रिमोट धरला, तेव्हा गाडी गप्प झाली.

सकाळी मेकॅनिकने रिमोटमधला ३ व्होल्टचा सेल बदलला आणि धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा स्क्रू जरा मागे फिरवला. ट्रक गेला तरी त्याला चोर वाटे. पाच मिनिटांचं काम, मी वर्षभर टाळलेलं! २००० सालच्या ध्वनिनियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोडणारा लाऊडस्पीकरवाला आपल्याला गुन्हेगार वाटतो, आपला भोंगा मात्र सुरक्षा!

इस्पितळातून नुकत्याच घरी आलेल्या शेजारच्या आजींची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "अरे, खरा चोर असता तरी खाली कोण आलं असतं?"