चला, भटकू या! : चकलीसारखं कॉफी हाऊस

दोस्तांनो, सुट्टीत गावाला जायचं ठरलं, की घरात दोन याद्या तयार होतात. एक मोठ्या माणसांची, काय काय बघायचं त्याची. देऊळ, किल्ला, राजवाडा, म्युझियम! दुसरी तुमची, काय काय खायचं त्याची. या दोन याद्यांची गाठ सहसा पडतच नाही. राजवाडा बघून बघून पाय दुखायला लागले, की मग कुठल्या तरी हॉटेलात शिरायचं, पटापट खायचं आणि निघायचं. ते हॉटेल कसं होतं, ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. आज मात्र आपण अशा एका जागी जाणार आहोत, जिथे दोन्ही याद्यांवर एकाच वेळी बरोबरची खूण करता येईल.

ही जागा आहे केरळच्या राजधानीत, तिरुवनंतपुरमला. मुंबईहून निघणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून आणि पुलांवरून, गोव्याला मागे टाकत थेट तिथे जाते. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. त्याआधी हा प्रवास फार लांबच्या वळशाने करावा लागे. तर गाडीतून उतरा, बॅगा उचला आणि स्टेशनच्या बाहेर या. समोर केरळ एस.टी.चा मोठा स्टँड आहे. गर्दी, भोंगे, रिक्षा, सगळं आपल्याकडच्यासारखंच. आणि त्या गर्दीतच उभा आहे विटकरी रंगाचा एक गोल बुरूज!

पहिल्यांदा बघणाऱ्याला काही कळतच नाही. पाण्याची टाकी म्हणावी, तर तिला इतकी भोकं कशाला? वीटभट्टीचं धुराडं म्हणावं, तर आत माणसं बसलेली दिसतात! नेहमीसारखी खिडकी एकही नाही. भोकांच्या रांगा सरळ आडव्या नाहीत, तर तिरप्या तिरप्या वर चढत गेल्यात. चकलीचं मधलं टोक चिमटीत धरून हळूच वर उचललं तर ती कशी दिसेल? अगदी तस्सं!

हे आहे इंडियन कॉफी हाऊस. ‘मावेली कॅफे’ असंही याला म्हणतात. मावेली म्हणजे महाबली. दिवाळीच्या पाडव्याला आपण ज्याची आठवण काढतो, तोच हा बळीराजा. केरळात त्याच्या स्वागतासाठी ओणम साजरा करतात.

आत गेलात, की आणखी गंमत. इथे पहिला मजला, दुसरा मजला असं काही नाहीच. जिनासुद्धा नाही. पायाखालची जमीनच गोल गोल फिरत वर जाते. तुम्ही चालत राहायचं, जागा मिळेल तिथे बसायचं. मध्ये एक गोल गाभा, त्याच्याभोवती हा चढ आणि बाहेरच्या भिंतीला लागून पक्की बांधलेली टेबलं नि बाकं. आता तुम्ही विचाराल, चढावर टेबल ठेवलं तर कॉफी सांडणार नाही का? नाही सांडत! चढ फक्त चालण्याच्या वाटेला आहे. टेबलं मात्र सपाट बांधलीत, प्रत्येक टेबल आधीच्यापेक्षा जरासं उंच. स्क्रूचे आटे बोटाने फिरवून बघा, म्हणजे नेमकं कळेल.

पण असं वेडंवाकडं बांधायचं कारण काय? नुसती हौस? मुळीच नाही. जागा होती लहान. त्यात मजले, जिने, मोकळ्या वाटा काढत बसलं असतं, तर टेबलं मांडायची कुठे? म्हणून वाट आणि बसायची जागा एकाच वळणात गुंडाळून टाकली. दुसरं म्हणजे उकाडा. केरळात हवा इतकी दमट, की घाम वाळतच नाही. म्हणून भिंतीत विटा सोडून सोडून जाळी केली. वारा आरपार जातो आणि ऊन बारीक बारीक तुकडे होऊन आत येतं, डोळ्यांवर येत नाही. शिवाय खिडक्यांच्या चौकटींचा, गजांचा आणि काचांचा खर्च वाचला तो वेगळाच! आपल्या जुन्या वाड्यांतल्या आणि किल्ल्यांतल्या जाळ्या आठवल्या ना?

हे डोकं कुणाचं? लॉरी बेकर यांचं. त्यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते चीनमध्ये रुग्णसेवा करत होते. परत जाताना मुंबईला आले, तर बोटच मिळेना! तीनेक महिने अडकून पडले. पण त्या मुक्कामातच त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकरांच्या पायांत चिंध्यांपासून हाताने केलेले चिनी जोडे होते. गांधीजींचं लक्ष बरोबर त्या जोड्यांकडे गेलं! बोलता बोलता गांधीजी त्यांना म्हणाले, की घर बांधावं ते पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंतून. पाच मैल म्हणजे साधारण आठ किलोमीटर. सिमेंटच्या कारखान्यापासून दूर राहणाऱ्या गावाने तर विचार करावा अशीच ही अट!

बेकर इंग्लंडला गेले खरे, पण १९४५ साली परत आले, ते कायमचेच. सुरुवातीला कुष्ठरोग्यांसाठी इमारती उभारल्या. डॉ. एलिझाबेथ यांच्याशी लग्न केल्यावर हिमालयात पिथोरागढला कितीतरी वर्षं राहिले. डोंगरातले लोक दगड, माती, लाकूड वापरून कसं बांधतात, ते त्यांनी तिथे नीट बघितलं. मग केरळात आले आणि गरिबांना परवडतील अशी घरं बांधू लागले. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली तिरुवनंतपुरमलाच त्यांचं निधन झालं.

पालकांनो, हा पुढचा भाग तुम्हीही वाचा. कॉफी हाऊसची गोष्ट इमारतीपेक्षा जुनी आहे आणि तिची सुरुवात होते आपल्या मुंबईत. १९३६ साली चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं. भारतात पिकणारी कॉफी भारतातल्या लोकांनीच प्यावी, हा त्यामागचा हेतू. पुढे ती कॉफी हाऊसं कॉफी बोर्डाकडे होती. पण १९५०च्या दशकात बोर्डाने ती बंद करायचं ठरवलं. म्हणजे कपबशा उचलणारे, कॉफी करणारे सगळे घरी! तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन या कामगारांच्या पाठीशी उभे राहिले. ‘तुम्हीच चालवा की कॉफी हाऊस!’ असा त्यांचा आग्रह. १९५७ सालापासून कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघू लागल्या आणि १९५८ साली केरळातलं पहिलं कॉफी हाऊस त्रिशूरला सुरू झालं. गल्ल्यावर शेटजी बसलेत नि बाकीचे नोकर, असा मामलाच नाही. ज्यांची नोकरी गेली, तेच हॉटेलचे मालक झाले.

म्हणून मला वाटतं, बेकर आणि ही सोसायटी यांची जोडी अगदी फक्कड जमली. हे हॉटेल श्रीमंत पाहुण्यांसाठी नाही. पहाटेच्या बसमधून उतरलेला, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला माणूस इथे येतो, थोड्या पैशांत कॉफी पितो आणि पुढची गाडी पकडतो. त्याच्यासाठी इतकी सुंदर इमारत बांधावी असं कुणाला तरी वाटलं, हेच मला राजवाड्यापेक्षा मोठं वाटतं.

आता खायचं काय? पांढऱ्याशुभ्र गणवेशातले, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा घातलेले वाढपी काका येतील. त्यांच्याकडे मसाला डोसा मागा. डोसा उघडलात, की ओरडाल! आतली भाजी चक्क लालगुलाबी! घाबरू नका, ते बीट आहे. कटलेटमध्येही बीटच. घरी पानात बीट दिसलं की नाक मुरडणारे किती जण इथे दुसरं कटलेट मागतात, ते एकदा मोजायला हवं. आणि कॉफी? ती तर हवीच. पण बिल देऊन लगेच पळू नका. चढाच्या अगदी वरच्या टोकापर्यंत जाऊन या. जाळीतून स्टँडवरच्या बसेस बघा. प्रत्येक भोकात वेगळं चित्र दिसेल!

तिरुवनंतपुरम लांब आहे ना? मग तोवर घरीच एक गंमत करा. रिकाम्या आगपेट्या जमवा (आधी मोठ्या माणसांकडून काड्या काढून घ्या). बेकरांची एक आवडती भिंत होती. तिला म्हणतात ‘उंदराचा सापळा’. तिच्यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करतात. दोन विटा समोरासमोर, मध्ये पोकळी. मग एक वीट त्या पोकळीला आडवी. पुन्हा दोन समोरासमोर, पुन्हा एक आडवी. वरच्या थरात जागा थोडी सरकवायची. अशा भिंतीला साधारण पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे बाहेरची उष्णता आत यायला वेळ लागतो. आगपेट्यांची एक भिंत अशी बांधा. दुसरी तेवढीच लांब, उंच आणि जाड बांधा, पण पेट्या आडव्या रचून, पोकळी न ठेवता. दोन्हींना किती पेट्या लागल्या, ते मोजा. मग उरलेल्या पेट्यांची जाळी करा, खोलीत अंधार करा आणि जाळीमागे बॅटरी लावून समोरच्या भिंतीवर काय उमटतं ते बघा.