हिवाळ्यातील सायकल आणि शिक्षणाचे अंतर

भंडारदऱ्याचा हिवाळा पाहावयास दूरदूरची माणसे येतात. जलाशयावर उतरलेले धुके आणि कळसूबाईच्या रांगेवरील कोवळे ऊन यांची छायाचित्रे सर्वत्र पोहोचतात. त्याच पहाटे कानटोपी घातलेली, दप्तर कॅरिअरला बांधलेली मुले आसपासच्या वाड्यांतून सायकलवरून शाळेस निघालेली असतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांविषयी अशा स्मरणिकेत पुष्कळ लिहिले जाते. रोज ये-जा करणाऱ्या या मुलांविषयी आम्हांस येथे काही मांडावयाचे आहे.

थंडीवाऱ्यात सायकल दामटीत येणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण समारंभांतून कौतुक करतो. त्या टाळ्या मनापासूनच्या असतात. तथापि ज्या कष्टाचे वर्षानुवर्षे कौतुकच होत राहते, तो दूर करण्याची जबाबदारी हळूहळू नजरेआड होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा कष्ट नेमका कसा असतो? चढणीवर सायकल ढकलताना अंग घामाने भिजते आणि पुढच्या उतारावर तोच घाम वाऱ्याने गार पडतो. बोटे बधिर झाल्याने ब्रेक नीट दाबला जात नाही. दवाने ओल्या झालेल्या रिमवर ब्रेकची रबरे घसरतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. शनिवारची शाळा साडेसातला भरत असेल, तर पाच-सहा किलोमीटरवरील मुलास अंधारातच घर सोडावे लागते, आणि पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळही शनिवार-रविवारीच अधिक. दहावीची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असल्याने जादा तासांचा हंगामही हाच. ते सुटेपर्यंत दिवस मावळलेला असतो.

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या डोंगरी भागात चौथीपर्यंतची शाळा बहुधा वाडीत किंवा जवळच्या गावात असते. सायकलचा प्रवास सुरू होतो तो त्यानंतर. जेथे अंतर सुरू होते तेथेच ही सवलत संपते. मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, हेही चांगलेच; पण गाडी फाट्यावर थांबते आणि वाडी फाट्यापासून आत असते.

शिक्षणाच्या वाटेवरील अंतर हा सामाजिक प्रश्न आहे, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शाळेचे दार उघडले तरी तेथवर पोहोचण्याचे आणि टिकण्याचे साधन नसेल, तर हक्क कागदावरच राहतो, हे त्यामागचे भान होते. आपली निवासी शाळा हा त्याच विचाराचा वारसा आहे. जे मूल वसतिगृहात राहत नाही, त्याच्यासाठी सायकल हेच ते साधन होय.

याला पुरावाही आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांना त्यामुळे मुलींच्या माध्यमिक प्रवेशात ३२ टक्के वाढ झाल्याचे आढळले. मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. ही वाढ मुख्यतः जेथे शाळा दूर होती, अशा गावांत दिसली.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. या डोंगरात अडविलेले पाणी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शेतांपर्यंत पोहोचावे म्हणून कालव्यांची आखणी झाली, चढउतार मोजले गेले. पाण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी जी काळजी घेतली गेली, ती याच डोंगरातील मुलांच्या वाटेसाठी आज घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आमच्या सूचना साध्या आहेत. डिसेंबर आणि जानेवारीत शनिवारची शाळा नऊ वाजता भरवावी. जादा तास दुपारच्या सुट्टीला जोडून घ्यावेत, म्हणजे मुले उजेडात घरी पोहोचतील. प्रत्येक सायकलला पुढे दिवा आणि मागे लाल परावर्तक असावा. शाळेत पंप, पाने, पंक्चरचे सामान आणि ब्रेकची रबरे ठेवलेला एक कोपरा असावा. सायकल दुरुस्त करणे मुलामुलींना तेथेच शिकवावे. पहाटे आलेल्यांना हातपाय शेकावयास कढत पाणी मिळावे. यांतील एकाही गोष्टीसाठी मोठ्या इमारतीची वा मोठ्या निधीची गरज नाही.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. शाळेसाठी काय करावे, असे ते आस्थेने विचारतात. कमानीवर वा फलकावर नाव कोरण्यापूर्वी त्यांनी एका मुलीच्या सायकलला दिवा बसवावा. पालकांनीही मुलाला सायकल दिली आणि मुलगी मात्र घरी राहिली, असे होऊ देऊ नये. ‘शिका’ हा आदेश आपण सर्वांनी स्वीकारला आहे. शिकावयास निघालेल्या मुलाची वाट सुरक्षित करणे हा त्या आदेशाचाच भाग आहे.