गोल हुकला, फोटो साधला



गेल्या आठवड्यात धान्याला ऊन देण्याविषयी आणि पावसाळ्याच्या साठवणीविषयी लिहिलं होतं. आज जरा स्वयंपाकघराच्या बाहेर पडू या. विषय आहे फोटोंचा आणि फुटबॉलचा. “बाई गं, आमचा आणि फुटबॉलचा काय संबंध?” असं म्हणून पान उलटू नका हं! माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आणि सासर शिवाजी पेठेतलं. एवढं म्हटलं की कोल्हापूरच्या बायकांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.

आमच्या गावात फुटबॉल तालमींचा. कुस्तीच्या तालमींनी चेंडूही कधीच आपलासा केला. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गल्लीत पुरुषमाणूस औषधालासुद्धा सापडत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवसांत आमच्याकडे भाजीवाल्या मावशीसुद्धा सामन्याची वेळ विचारायच्या!

आणि मोठ्यांचा विश्वचषक आला की अर्धं गाव ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं होतं. आमचे हे ब्राझीलवाले, माझा धाकटा भाऊ अर्जेंटिनावाला. म्हणजे पेठही वेगळी आणि देशही वेगळा! मधल्या मध्ये चहा करायला मी.

२०१४ ची गोष्ट. मी तेव्हा नवीन लग्न झालेली. जर्मनीनं ब्राझीलला त्यांच्याच देशात सात-एक असं हरवलं. सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. हे डोक्यावर पांघरूण घेऊन झोपले ते सकाळीही उठेनात. साडेसातला दारात भाऊ हजर, हातात मिठाईचा बॉक्स. “दाजी, पेढे घ्या. सात इकडं, एक तिकडं.” खरोखरच बॉक्समध्ये एका बाजूला सात पेढे आणि दुसऱ्या बाजूला एकच! सासूबाई एरवी गंभीर, पण त्या दिवशी पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. ह्यांनी मुकाट्यानं एकटा पेढा उचलला आणि म्हणाले, “पाव्हणं, बॉक्स ठेवून जावा. लागंल.” लागला की हो! पाचच दिवसांनी अंतिम सामन्यात जर्मनीनं अर्जेंटिनाला एक-शून्यनं हरवलं आणि तोच बॉक्स एक पेढा घालून माझ्या माहेरी परत गेला.

तेव्हापासून तो बॉक्स आमच्या दोन घरांत फिरतो आहे. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना जिंकली. तीन-तीन बरोबरी, मग टायब्रेकर, शेवटी चार-दोन. त्या रात्री भावानं ह्यांना निळा-पांढरा झेंडा खांद्यावर टाकून गल्लीतून फिरवलं आणि हेही फिरले. मला अशी थट्टा आवडते. चिडवणारा समोर उभा असतो, चिडणाऱ्याला उत्तर द्यायची संधी असते आणि शेवटी तोंड गोड होतं.

आता माझ्या नादाविषयी. मी सकाळी चार तास शाळेत शिकवते. दुपार माझी. लहानपणी वडिलांकडे रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे “नीट उभी राहा, फुकट घालवू नको” हे ऐकत वाढले. आता मोबाईलमुळे प्रत्येकीच्या हाती कॅमेरा आहे आणि रोल संपायची भीती नाही. पण म्हणून फोटो चांगले येतात असं थोडंच आहे? चुका करत जे शिकले ते तुम्हाला सांगते. घरच्या समारंभाला, मुलांच्या खेळाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, काच पुसा. फोडणी करता करता आपण फोन उचलतो. बोटांचं तेल काचेवर बसतं आणि फोटो धुक्यातला येतो. जुन्या सुती साडीचा धुतलेला मऊ तुकडा फोनजवळ ठेवा. दुसरी गोष्ट, उजेड बघा. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळचं कोवळं ऊन किंवा उतरतं ऊन उत्तम. घरात असाल तर माणसाला खिडकीशेजारी, उजेड एका गालावर पडेल असं बसवा. खिडकीकडे पाठ केलीत तर चेहरा काळा येणार. तशीच वेळ आली तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा उजेडाचा हिशेब चेहऱ्यापुरता करतो.

तिसरी गोष्ट, दोन बोटांनी चित्र ताणून मोठं करू नका. बहुतेक वेळा त्यानं लांबचं जवळ येत नाही, नुसतं तेवढंच कापून ताणलं जातं, पातळ पिठाच्या पोळीसारखं. त्यापेक्षा दोन पावलं पुढं जा. चौथी गोष्ट, कोपर फासळ्यांशी घट्ट धरा आणि श्वास क्षणभर रोखा. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते आणि तेवढ्यात हात हलला की फोटो फिसकटला. पळणारी मुलं टिपायची तर उजेड भरपूर हवा, कारण झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागात किंवा त्याहून लवकर मिटायला हवी. बऱ्याच फोनमध्ये सलग फोटो काढायची सोय असते. तसे दहा-पंधरा काढा, एक ठेवा, बाकीचे त्याच दिवशी पुसून टाका. उद्यावर टाकलं की ढीग होतो, अगदी इस्त्रीच्या कपड्यांसारखा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली बसा. मुलांचा फोटो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून. मैदानावर मी तर सरळ पदर खोचून मातीत बसते. सुरुवातीला लोक बघायचे. तेव्हा मला होमाई व्यारावालांची आठवण यायची. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या या बाई मुंबईच्या जे. जे. त शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून फिरायच्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले गेले होते. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांना लोकांच्या बघण्याचं काही वाटलं नाही, मग आपल्याला का वाटावं?

इथवर सगळं छान. आता जे सांगायला बसले ते सांगते, आणि ते माझ्या चुकीचं आहे.

माझा भाचा, भावाचा मुलगा, पंधरा वर्षांचा. शाळांच्या स्पर्धेत खेळत होता. मी हौसेनं फोटो काढायला गेले. सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकर झाला आणि शेवटची किक ह्याच्याकडे आली. चेंडू खांबाला लागून बाहेर! पोरं समोरच्या गोलकीपरकडे धावली. हा मात्र तिथंच खाली बसला, गुडघ्यांत डोकं घालून. मागून उतरतं ऊन, मोठी लांब सावली, बाजूला पडलेला चेंडू. मी फोटो काढला. खरं सांगते, इतक्या वर्षांत इतका चांगला फोटो मला कधी साधला नव्हता.

घरी आल्याबरोबर कौतुकानं ह्यांना पाठवला. ह्यांनी गंमत म्हणून तो आपल्या पेठेतल्या मित्रांना पाठवला, खाली एक ओळ लिहून: “मंगळवार पेठेचा सूर्य मावळला.” ह्यांच्या मनात काही नव्हतं, पेढ्यांच्या बॉक्ससारखीच एक चेष्टा. पण पेढ्यांचा बॉक्स दोन घरांत फिरतो आणि फोटो गावभर. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो कुठून कुठून पोराच्या वर्गात पोचला. खाली नव्या नव्या ओळी जोडलेल्या. कुणी रडका म्हटलं, कुणी आईबापावर गेलं. लिहिणाऱ्यातल्या निम्म्यांना तो कोण हे माहीतही नव्हतं.

पोरानं सरावाला जाणं सोडलं. बूट पलंगाखाली. चार दिवस शाळेतही गेला नाही. मला हे कळलं सहाव्या दिवशी, वहिनीकडून. भावाचा फोन नाही. मी केला तर “कामात आहे, ताई” म्हणून ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कितीतरी सामने झाले, पण माझ्या भावानं माझा फोन असा कधी ठेवला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. ह्यांना म्हटलं, “अहो, ओळ तुमची, पण फोटो माझा.” हे म्हणाले, “पोरगं असं मनाला लावून घेईल असं वाटलं नव्हतं गं.” मलाही कुठं वाटलं होतं? मी तर फोटो काढताना पोराकडे बघतच नव्हते. मी उन्हाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दोघंही माहेरी गेलो. हे अंगणातच थांबले, भावाशी काही बोलले. काय ते मी विचारलं नाही. मी पोराच्या खोलीत गेले. म्हटलं, “बाळा, चुकलं माझं.” बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आत्या, फोटो चांगलाय. पण मला विचारायचं होतंस.”

पंधरा वर्षांच्या पोरानं एका वाक्यात मला शिकवलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फोटोचं काय? पण बघा, गोल हुकणं एका क्षणाचं असतं. तिथं असलेल्या शंभर माणसांनी ते बघितलं आणि विसरली. फोटोनं तो क्षण थांबवून ठेवला आणि न बघितलेल्यांच्या हातात दिला.

ह्यांनी त्याच मित्रांना लिहिलं की फोटो पाठवला ती चूक माझी, तो माझा भाचा आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुसावा. काहींनी पुसला. दोघांनी पोराला निरोप पाठवला की आम्हीही अशा किका घालवल्यात. पण सगळीकडून तो गेला असेल असं मी म्हणणार नाही. सांडलेलं तेल कितीही पुसलं तरी डाग राहतोच. पोरगं नवव्या दिवशी सरावाला गेलं. भाऊ महिन्यानंतर बोलू लागला, आता पूर्वीसारखा बोलतो. जवळजवळ पूर्वीसारखा.

या सगळ्यातून आम्ही घरात काही नियम केले आहेत. तुम्हाला पटले तर घ्या.

फोटो काढण्याआधी नाही जमलं तरी पाठवण्याआधी त्या माणसाला विचारायचंच. मूल असेल तर मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना, दोघांनाही. “लहान आहे, त्याला काय कळतंय” असं म्हणायचं नाही.

रडणारं, पडलेलं, आजारी, झोपलेलं माणूस घराबाहेर पाठवायचं नाही, मग फोटो कितीही सुंदर असो.

थट्टा संघाची करायची, पोराची नाही. आणि जी ओळ समोरासमोर बोलायला जीभ वळणार नाही ती बोटानं लिहायची नाही. पेठापेठांतली ईर्षा कधी कधी हातघाईवर येते हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याची सुरुवात अशाच एखाद्या ओळीनं होत असते.

दर महिन्याला चार चांगले फोटो कागदावर छापून घ्यायचे. वर्षाचे अठ्ठेचाळीस, एक छोटा अल्बम. मागे मऊ पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहायची, शाईनं नाही. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर त्यातले फोटो हलक्या हातानं सोडवून साध्या कागदी पाकिटांत घाला आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा. न सुटणाऱ्याला ओढू नका, तसाच त्याचा फोटो काढून घ्या. मोबाईलमधल्या फोटोंची एक प्रत दुसरीकडे असू द्या. फोन पाण्यात पडायला वेळ लागत नाही.

तो फोटो? मी एकच प्रत छापली आणि पाकिटात घालून भाच्याला दिली. म्हटलं, “तुझा आहे. फाड, ठेव, काय वाटेल ते कर.” त्यानं उघडून बघितला आणि बुटांच्या खोक्यात ठेवला. माझ्या फोनमधला मी त्याच्यासमोरच पुसला. माझा सगळ्यात चांगला फोटो आता माझ्याकडे नाही, आणि खरं सांगू, मला त्याची रुखरुखही फार नाही.

गेल्या रविवारी पुन्हा सामना होता. मी कॅमेरा न काढताच बसले होते. मध्यंतरात पोरगं घामाघूम होऊन आलं आणि म्हणालं, “आत्या, नुसती बसलीस व्हय? काढ की एक!”

काढला. थोडा हललेला आहे. पण त्यात तो माझ्याकडे बघून हसतो आहे.

पुढच्या आठवड्यात भेटू, शाळेच्या डब्याच्या नव्या प्रकारांसह.