मागचं काय झालं?

वस्तीत सर्व्हेवाले आले की आमच्या शेजारच्या आजी दारातूनच विचारतात, "परत लिहून नेताय का बाबा? मागचं काय झालं?" प्रश्न रास्त आहे. गरिबांची माहिती नेणारे पुष्कळ, उत्तर घेऊन परत येणारे विरळा. पण आपली माहिती आपणच गोळा केली तर काय होते, हे पुण्याच्या कचरावेचक भगिनींनी दाखवून दिले आहे.

या भगिनी बहुतेक दलित. त्यांत बौद्ध आणि मातंग घरांतल्या पुष्कळ. पहाटे पोते घेऊन निघायचे, कचराकुंडीत हात घालून काच, कागद, पत्रा वेचायचा आणि भंगारवाला देईल त्या भावाने विकायचा. कुठे चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर. १९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या यांच्यात साक्षरतेसाठी गेल्या. त्या नुसती पाटी-पेन्सिल देऊन थांबल्या नाहीत, या कामातच शिरल्या. त्यातूनच १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. ज्या बाईला काल हुसकावले जात होते, तिच्या गळ्यात आज पालिकेची ओळख!

मला मात्र मोल वाटते ते नंतरच्या कामाचे. मी बी.कॉम. झालेला कारकून. भाषणाने फाईल हलत नाही, आकड्याने हलते, हे रोज पाहतो. पंचायतीच्या पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी अभ्यास केला. तो २००१ मध्ये पुरा झाला. बाई किती माल वेचते, तेवढा कचरा वाहून नेण्याचा पालिकेचा किती खर्च वाचतो, असा हिशेब मांडला. निघाले काय? एकेक बाई दरमहा २४६ रुपयांचे श्रम पालिकेला फुकट देत होती. वर्षाचे झाले २,९५२. पालिकेच्या कोणत्या खातेवहीत ही रक्कम जमा होती? कुठेच नाही.

हा आकडा हाती आल्यावर बोलण्याची रीतच बदलली. आता मागणे दयेचे नव्हते, येण्याचे होते. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांचा आरोग्य विमा सुरू केला. २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. पुढे २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे लिहिले गेले. सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली तेव्हा नूतनीकरण रखडले आणि भगिनींना पुन्हा उभे राहावे लागले. या खेपेला निदान हिशेब सांगायला कोरा कागद नव्हता.

आमच्या वस्तीत नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे नववीतली एक मुलगी गेल्या महिन्यापासून वहीत लिहिते आहे. वही आजींच्या घरी ठेवली आहे. सर्व्हेवाले आले की आजी आधी ती त्यांच्यापुढे टाकणार आहेत.